जातोबाचं महिन्याचं पीठ

फार फार मागं, भांडी आपापलं काम आपणच करायची त्या काळात, एका बाजारगावी पारूबाईची खाणावळ होती. बाजारातले हमाल तिथं बाजरीची भाकरी खायचे. जातोबा दळायचा, परातमावशी पीठ मळायची, तवेदादा भाकरी भाजायचा.

जातोबा अंगानं दांडगा, मनानं भोळा. एकदा त्याच्या मनात आलं, रोज उठून थोडंथोडं काय दळायचं? त्यानं महिन्याची बाजरी एका दिवसात दळून टाकली. “घ्या, आता महिनाभर मला उठवू नका!” म्हणाला, आणि लागला घोरायला.

पंधरा दिवसांनी हमाल ताटात भाकरी टाकून उठायला लागले. पारूबाईनं डोळ्याला पदर लावला. “असंच चाललं तर चूल बंद करावी लागेल गं बाई.”

“तूच करपवलीस!” मावशी तव्यावर खेकसली.

“मी? आधी पीठ चाखून बघ!”

मावशीनं चिमूटभर चाखलं. “अगं बाई, शिळं होऊन कडू झालंय की!”

जातोबाची झोपच उडाली. “मला वाटलं, जास्त दळलं की तुमची सोय होईल.”

“सोय कसली, मेल्या! आम्हाला विचारायचंस तरी,” म्हणत मावशी हसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोपऱ्यातून हाक आली, “तवेदादा, आज भाकऱ्या किती?”

“चाळीस!”

पारूबाईनं आणलेली नवी बाजरी जातोबानं चाळिसांपुरतीच दळली. दुपारी हमालांनी ताटं चाटूनपुसून रिकामी केली, तेव्हा मावशी एक गरम भाकरी घेऊन कोपऱ्यात आली. जन्मभर दळलं, पण जातोबानं भाकरी कधी पाहिलीच नव्हती. तो बघतच राहिला.

“अगं मावशे,” तो हळूच म्हणाला, “ही तर माझ्यासारखीच गोल!”