अठरा गाठी आणि एक कप

“...म्हणजे चोर सापडला, असं म्हणायचंय तुला?” मुजावर सरांनी विचारलं.

“सापडला, सर,” निरंजन म्हणाला. “आतड्याच्या कॅन्सरच्या वीस गाठी तपासल्या. अठरांमध्ये विषाणूच्या खुणा!”

डॉ. निरंजन वाळिंबेला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. परिषदेतलं भाषणही लिहून तयार होतं. सरांनी मिरजेत चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच पाहिल्या होत्या. त्यांनी मान डोलवली की झालं.

“सर्जन गाठीबरोबर दोन्ही बाजूंचं वीतभर चांगलं आतडंही कापतो. तेही त्याच बरणीत येतं. त्यात काय दिसलं?”

“त्यात कॅन्सर नव्हता, सर.”

“मी विषाणूचं विचारतोय.”

“...ते तपासलं नाही.”

“चांगल्या आतड्यातही तो असेल, तर चोर तोच कशावरून?”

तेवढ्यात शिदगोंडा सरांच्या घरी आला. सरांच्या लॅबमध्ये जन्मभर बरण्या धुतलेला माणूस. त्या वीस गाठींतली एक त्याचीच होती. आतून चहा आला, तसा त्याने पिशवीतून आपला वेगळा कप काढला आणि त्यात चहा ओतून घेतला.

“हे काय रे, शिदू?”

“घरात माझं ताट, कप निराळं केल्यात, सर. नातीलाबी जवळ येऊ देत न्हाईत. हे डॉक्टरसाहेबच म्हणालं की, जंतूनं झालंय म्हणून.”

निरंजन चाचरला. “मी... शक्यता म्हणालो होतो.”

“शक्यता तुमच्याकडंच ऱ्हायली, साहेब. घरात जंतूच आला.”

सरांनी शिदगोंडाच्या हातातला कप घेतला. दोन घोट प्यायले. मग तो निरंजनपुढे धरला.

निरंजनचा हात क्षणभर अडला...

त्या एका क्षणाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कप घेतला आणि रिकामा केला.

“भाषण फाडून टाकतो, सर.”

“कशाला? प्रश्न चांगला आहे. बरणीतलं चांगलं आतडंही तपास. चोर तोच असेलही.”

“मग यांच्या घरी काय सांगू? विषाणूचा संबंधच नाही, असं तर मला म्हणता येत नाही.”

“नाही येत.”

“आहे, असंही म्हणता येत नाही.”

“नाही.”

“...मग सांगू तरी काय?”

“काही सांगू नकोस. आज शिदूच्या घरी जा, आणि याच्याच ताटात जेव.”