माफी द्यायची कोणी?

कोर्टात बाई उभी असली म्हणजे ती कोणाला दिसतेच असं नाही, हे द्वारकाबाईला पहिल्याच तारखेला कळलं. चौकातली झुणका-भाकरीची गाडी ती हलवेना, म्हणून पंचायत समितीच्या सभापतींच्या पुतण्याने तिचा उजवा हात पिरगाळून मोडला होता. त्याच्या जामिनाला विरोध करायला ती उठली, तर सरकारी वकील कर्णिकांनी तिला खाली बसवलं.

"हा खटला सरकारचा आहे, बाई. तुम्ही नुसत्या साक्षीदार. विचारलं तरच बोलायचं."

जामीन झाला. पुतण्याची मिरवणूक गुलाल उधळत तिच्याच दारावरून गेली.

पुढे सभापतींनी चक्रं फिरवली, आणि तेच कर्णिक तिला चहा पाजून गोड बोलू लागले. "मिटवून टाका, द्वारकाबाई. तुम्ही माफ केलंत की सगळ्यांचीच सुटका."

मग पुढच्या तारखेला कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तडजोडीला तुमची संमती आहे?"

"साहेब, मी नुसती साक्षीदार," द्वारकाबाई म्हणाली. "खटला सरकारचा, असं वकीलसाहेबांनीच मला शिकवलं. म्हणजे मार सरकारला बसला. मग माफीही सरकारनेच द्यावी. फक्त त्याआधी सरकारने मोडक्या हाताने एक भाकरी थापून दाखवावी."

तडजोड तिथेच बारगळली. पुढची तारीख सांगायला कर्णिक पहिल्यांदाच तिच्या बाकापर्यंत चालत आले. "लिहून घ्या," म्हणाले.

द्वारकाबाईने न मिटणाऱ्या बोटांचा उजवा हात नुसता त्यांच्यापुढे धरला.