खिडकीवरची पोच

एकदा एक मराठी शिक्षिका युरोपातल्या एका छोट्या देशात गणित शिकवायला गेली. शाळा चांगली होती, मुले हुशार होती. पण वर्षभरात तिला डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले. डावीकडच्या बाकांवरून कुणी शंका विचारली की तिला वळून पुन्हा विचारावे लागे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, ऑपरेशन केले तर कान वाचेल, उशीर झाला तर खात्री नाही. तारीखही मिळाली, एकवीस दिवसांनंतरची.

अडले ते कागदावर. तिथे करक्रमांक आल्याशिवाय आरोग्यविम्याचे कार्ड निघत नसे, आणि कार्डावाचून रुग्णालय कुणाला दाखल करून घेत नसे. करक्रमांकाचा अर्ज तिने दोन महिन्यांपूर्वीच कर कचेरीच्या खिडकीवर दिला होता. खिडकीवरच्या बाईंशी तिने ओळख वाढवली होती, त्यांच्या नातवाची चौकशी केली होती, दिवाळीचा चिवडाही नेऊन दिला होता. "झालं ना माझं काम?" असे विचारले की बाई हसून मान हलवत. आता त्या बाई बदलून गेल्या. नव्या कारकुनाने संगणकात पाहिले आणि सांगितले, "तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. नवा द्या. क्रमांक यायला सहा आठवडे लागतील."

कुठल्याही देशातली कचेरी घ्या. चूक तिची असते तेव्हा तिला तोंड नसते. चूक तुमची असते तेव्हा मात्र प्रत्येक खिडकीला तोंड फुटते.

त्या गावात एक वृद्ध मराठी गृहस्थ राहत. त्याच शाळेत तीस वर्षे शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि तिथली भाषा तिला त्यांनीच शिकवली होती. ती त्यांच्याकडे गेली. चहा निवेपर्यंत तिने सगळी हकिकत सांगितली. सर मान हलवत ऐकत होते. तिचे बोलणे संपल्यावर त्यांनी विचारले, "बरं, तू कशासाठी आली होतीस?"

ती चमकली. तिने पुन्हा सगळे सांगितले. सरांनी पुन्हा मान हलवली, हसले, आणि म्हणाले, "छान. पण तुझं काम काय होतं, ते नाही सांगितलंस."

"सर, कान माझा गेलाय की तुमचा?"

"मला तर कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही."

आता तिचा संताप झाला. तिने पर्समधून वही काढली, चार ओळींत सगळे लिहिले, खाली तारीख घातली, पान फाडून त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "करा सही. वाचलं म्हणून लिहा. मग बघते कसं आठवत नाही ते."

सरांनी चष्मा लावला, पान नीट वाचले, 'पोच मिळाली' असे लिहून सही केली आणि पान तिला परत दिले.

"हेच त्या खिडकीवर का नाही केलंस?"

तिने पानाची घडी घातली. मग म्हणाली, "भीड वाटली, सर. बाई इतक्या गोड बोलत होत्या. पोच मागायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होतं. त्यांना वाटलं असतं, हिला काही पोच नाही."

"अगं, तू खिडकीवर माणूस जोडलास, आणि माणूस बदलून गेला. त्याच्या जागी येणाऱ्याला तुझा चिवडा ठाऊक नसतो. कचेरी चव लक्षात ठेवत नाही, शिक्का लक्षात ठेवते. मान हलवणारा खोटा असतोच असं नाही, पण त्याच्या मान हलवण्याची प्रत निघत नाही. पोच मागणं हा कुणाचा अपमान नव्हे. आपण इथे आलो होतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि विमा कचेरीचा नियम वाचलास का? करक्रमांकाच्या अर्जावर पोचेचा शिक्का असला, तर त्या प्रतीवर तात्पुरतं कार्ड देतात. तुला सहा आठवडे थांबायचं नाहीये. तुला एक शिक्का आणायचाय."

दुसऱ्या दिवशी ती नव्या अर्जाच्या दोन प्रती घेऊन खिडकीपुढे उभी राहिली.

कारकून म्हणाला, "दाराजवळच्या पेटीत टाका."

"टाकते. आधी या प्रतीवर शिक्का द्या."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"मग तसं लिहून द्या, आणि त्याच्यावर शिक्का मारा."

"मागे रांग आहे, बाई."

"दिसतेय. मी थांबते."

ती बाजूला झाली नाही. तिचा आवाजही चढला नाही. मागे उभ्या असलेल्या एका परक्या देशातल्या परिचारिकेने आपल्या पिशवीतून अर्ज काढला आणि प्रत कुठे काढून मिळते, असे तिला हळूच विचारले. तिच्यामागच्या म्हाताऱ्यानेही आपला कागद चाचपला. कारकुनाने रांगेकडे पाहिले, मग खणात हात घातला. शिक्का वरच होता, शाईही ओली होती.

त्या प्रतीवर तिला तात्पुरते कार्ड मिळाले. ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले.

दीड महिन्याने ती सरांकडे गेली. सर मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला बसले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "चहा घेणार?"

तिने पर्समधून वही काढली, 'ऐकले' असे लिहिले, खाली सही करून तारीख घातली आणि पान त्यांच्यापुढे ठेवले.