धवळ्याला पुरेल एवढी वीज

"...पण बुवा, ही पुरेल ना?"

उन्मेष टिपणीसने पॉवर बँक मठाच्या ओट्यावर ठेवली. विटेएवढी. काळीभोर.

केवलगिरी बुवांनी ती उचलली. दोन्ही हातांत तोलून पाहिली.

"कशाला पुरायला हवी?"

"लॅपटॉपला, गाणं ऐकवायचंय त्यावर. फोनला. दोन्हींना एकदम!" उन्मेषला दम धरवत नव्हता. "दुकानात तीन पाहिल्या. पहिली खिशात मावणारी, पण फोनपुरतीच. दुसरीवरचा आकडा मोठा, पण वॉट कमी. म्हणजे साठा भरपूर आणि धार बारीक. लॅपटॉप तिला दाद देत नाही. ही तिसरी. साठाही मोठा, धारही मोठी. माझ्या लॅपटॉपची स्वतःची बॅटरी मेलीय, बुवा. वायर काढली की तो बंद. फोनचीही तीच गत. दोघांना अशीच हवी."

"जड आहे."

"ताकद आहे तिच्यात."

"आत्ता भरलेली आहे?"

"काठोकाठ."

"रिकामी झाली की हलकी होते?"

"नाही... वजन तेवढंच राहतं."

"मग कळतं कसं?"

"बटण दाबा."

बुवांनी दाबलं. निळे दिवे ओळीने लागले. बुवा खुदकन हसले. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"छान आहे," ते म्हणाले. "आणि ऐकवणार कोणाला?"

हा प्रश्न येण्याचीच उन्मेष वाट पाहत होता.

तो लोकगीतांचा अभ्यासक. दोन पुस्तकं नावावर, व्याख्यानांना बोलावणी, गळ्यात सतत एखादा हार. रविवारी खाडीकाठच्या या टेकडीवर यायचा, बुवांजवळ गप्प बसायला शिकायला. बसायचा कमी, बोलायचा जास्त. बुवा त्यालाही हरकत घ्यायचे नाहीत.

पण या वेळी त्याच्याकडे बोलण्यासारखं होतंच.

एका दिवंगत संग्राहकाच्या घरी त्याला जुन्या टेपची रिळं सापडली होती. एका रिळावर सारंगबेटाच्या लाडकूबाईंचा आवाज होता. लाडकूबाई धवलारीण. आगरी लग्नातले विधी गाऊन लावणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि ती गाते ते धवळे. मांडव उभा राहण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं लागायचं.

लाडकूबाई जाऊन जमाना झाला होता. रीळ मात्र शाबूत होतं. उन्मेषने ते स्वच्छ करून लॅपटॉपमध्ये उतरवलं होतं.

"आणि त्यांची मुलगी आहे, बुवा! चांगुणाबाई. बेटावरच राहते. आईकडून सगळं शिकलेली. पण आता हळदीला डीजे लागतो. कितीतरी वर्षांत तिला कोणी गायला सांगितलेलं नाही. आई गेल्यापासून आईचा आवाजही तिने ऐकलेला नाही. उद्या ऐकेल! माझ्या हातून ऐकेल!"

"बेटावर वीज आहे?"

"वादळात खांब पडलेत. म्हणून तर ही वीट."

बुवांनी पॉवर बँक त्याच्या हातात परत दिली.

"मीही येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्यावर होडी निघाली. उन्मेषने पॉवर बँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरली होती. शिंतोडा उडाला की तो तिच्यावर वाकायचा. बुवांचा अर्धा अंगरखा भिजला. त्यांचं लक्ष बगळ्यांकडे होतं.

बेटावर गावदेवीच्या अंगणात सगळं गाव जमलं. लाडकूधवलारणीचा आवाज सापडलाय, ही बातमी होडीच्या आधीच पोचली होती.

चांगुणाबाई पुढे बसल्या होत्या. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले. बुवा त्यांच्या शेजारी मातीतच टेकले.

उन्मेषने लॅपटॉप जोडला. स्पीकर जोडला. स्वतःचं बोलणं टिपायला फोन समोर तिवईवर लावला, त्याचीही वायर विटेत खोचली.

"सर," एका तरुणाने विचारलं, "तिला आणखी भोकं दिसतात. आमचे फोन लावू? वीज गेल्यापासून मेलेत."

"लावा, लावा! दम आहे तिच्यात."

फोन लागले. एक निघाला की दुसरा लागला.

उन्मेष बोलायला उभा राहिला. रीळ कसं सापडलं ते सांगितलं. बुरशी कशी काढली ते सांगितलं. पडद्यावर आलेख दाखवले, स्वतःच्या पुस्तकांची मुखपृष्ठं दाखवली. ऊन होतं म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. गाव ऐकत होतं. चांगुणाबाईंचे हात तसेच घट्ट होते.

बुवा एकदाच म्हणाले, "उन्मेष..."

"हो, हो, बुवा. येतोच त्यावर."

शेवटी त्याने बटण दाबलं.

आधी खरखर.

मग एक आवाज उठला. उंच, सरळ, थोडा घोगरा.

*खाडीच्या वाटेनं वऱ्हाड आयलं गो...*

चांगुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"आयस!" त्या ओरडल्या. "माजी आयस हाय ही!"

त्या स्पीकरपाशी धावल्या. त्यावरून हात फिरवला, गालावरून फिरवावा तसा. बायका एकमेकींना धरून रडायला लागल्या. म्हातारे पुढे सरकले. कोणी म्हणालं, माझ्या लग्नात हीच होती. कोणी म्हणालं, माझ्यापण. उन्मेषच्या अंगावर सरसरून काटा आला. याच क्षणासाठी तो आला होता!

*...खाडीच्या वाटेनं वऱ्हाड आयलं गो,*
*कुनी त्याला दिवा दाख...*

पडदा काळा झाला.

उन्मेषने विटेचं बटण दाबलं. एकच दिवा लुकलुकला, आणि गेला. तिवईवरचा फोनही विझला होता.

सगळ्यांच्या माना विटेकडे वळल्या.

आणि मग, स्पीकरवर हात ठेवून उभ्या असलेल्या चांगुणाबाईंच्या गळ्यातून ती ओळ पुढे निघाली. त्याच पट्टीत. जिथे तुटली होती तिथूनच.

*...दाखवा गो, कुनी त्याला दिवा दाखवा गो...*

गाव थरारून गेलं.

ओळ संपली. चांगुणाबाई थांबल्या. मान किंचित कलती करून वाट पाहू लागल्या.

धवळा एकटीने गायचा नसतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. चांगुणाबाई टाकायच्या ती ओळ उचलणारी त्यांची आई होती. ती आत्ता होती... आणि आत्ता नव्हती.

"एक मिनिट, आजी! एकच मिनिट!" उन्मेष गुडघ्यांवर बसून वायरी उपसत होता. "आणखी कोणाकडे अशी वीट आहे का? एखादा इन्व्हर्टर? गाडीची बॅटरी? पुढची ओळ आहे माझ्याकडे, यातच आहे, फक्त लॅपटॉप सुरू झाला पाहिजे..."

चांगुणाबाईंनी तीच ओळ पुन्हा टाकली. या वेळी जरा हळू.

*कुनी त्याला दिवा दाखवा गो...*

कोणी उचलली नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना ओळ येत नव्हती. तरण्या सुनांनी धवळा ऐकलाच नव्हता, आणि म्हाताऱ्यांना चाल आठवत होती, शब्द नाही.

चांगुणाबाईंची मान सरळ व्हायला लागली. हात स्पीकरवरून निसटत होता.

बुवा उठले. उन्मेषपाशी आले. त्याच्या हातातली वायर काढून घेतली.

"बुवा, द्या ना! त्या थांबल्यात!"

"हो. थांबल्यात."

"पुढची ओळ..."

"तुला येते?"

रीळ स्वच्छ करताना उन्मेषने ते गाणं दिवसदिवस ऐकलं होतं. पुढे, मागे, सावकाश. प्रत्येक श्वास कुठे घेतलाय ते त्याला माहीत होतं.

"येते. पण मी... मी गात नाही, बुवा. मी अभ्यासक आहे. इतक्या लोकांसमोर..."

बुवांनी फक्त चांगुणाबाईंकडे पाहिलं.

चांगुणाबाईंचा हात स्पीकरवरून सुटला.

उन्मेष उभा राहिला.

*दिवा... दाखवते नवरीची मावशी गो,*
*वाऱ्याआड धरून पदर गो...*

बेसूर. फाटका. मध्येच आवाज चिरकला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

चांगुणाबाई गर्रकन वळल्या. डोळे मोठे झाले. त्याच्याकडे पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि त्यांनी टाळी वाजवली.

"पदर गो नाय रं! पद-रा गो! वर ने, वर! आयस कशी नेई?"

त्यांनी ओळ टाकली. त्याने उचलली. या वेळी वर नेली, पडली, पुन्हा नेली. तिसऱ्यांदा एका सुनेने त्याच्यात आवाज मिसळला. मग दुसरीने. म्हाताऱ्यांना शब्द आठवायला लागले. एकीला एक, दुसरीला पुढचा. टाळ्या सुरू झाल्या. जिचं लग्न ठरलं होतं ती चांगुणाबाईंची नात कुसुम धावत पुढे आली आणि आजीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. वऱ्हाड खाडी उतरून मांडवात आलं, नवरीच्या कपाळाला हळद लागली, आणि गाव थांबायचं नाव घेईना.

उन्मेषचा सदरा घामाने चिंब झाला होता. आपण हसतोय की रडतोय हे त्याला कळत नव्हतं. लॅपटॉप मातीत उघडा पडला होता, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

पाणी ओसरायच्या आत निघायचं होतं. चांगुणाबाईंनी धक्क्यापर्यंत येऊन त्याचा हात धरला.

"कुसुमच्या हलदीला ये. डीजे नाय लावायचा. मी टाकीन, तू उचल."

होडी सुटली तरी उन्मेषला चैन पडेना. तो बुवांसमोर फळीवर टेकला, पुन्हा उठला, पुन्हा टेकला.

"बुवा, ऐकलंत? मला बोलावलं! हळदीला! गायला!"

"ऐकलं."

"सगळ्या गावासमोर! त्यांच्या आईच्या जागी! मला!"

बुवा पाण्यात बोटं बुडवून बसले होते.

उन्मेषचा चेहरा एकदम उतरला. धक्का आता लहान दिसत होता. चांगुणाबाई अजून तिथेच उभ्या होत्या.

"पण बुवा..." तो म्हणाला. "मला तर काहीच येत नाही."

बुवांनी बोटं झटकली.

"म्हणून तर बोलावलंय."