एका चहासाठी पंगत

निवृत्त तहसीलदार दिगंबरराव सबनीस यांचा दरारा घरातही कायम होता. घरच्या कॉम्प्युटरलाही त्यांनी शिस्त लावली होती. बटण दाबताच पंचांग, भजनं, बुद्धिबळ, हवामान, बातम्या, सगळं आपोआप हजर! मग तो सुरू व्हायला युग लोटे, आणि बोल लागे सुनेला. वैजयंती त्यावर लोकांच्या लग्नपत्रिका सजवायची.

"तुझ्या वेलबुट्टीनं मशीन बसलं. उद्या भंगारात देतो!" मामंजी गरजले.

आवडीचं एकच काम होतं, तेही जाणार. वैजयंती हळूच म्हणाली, "द्या, पण सकाळचा चहा घेऊन."

सकाळी दिगंबरराव चहाला बसले. वैजयंतीनं पुढ्यात ताट मांडलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, वरणभात, पुऱ्या आल्या. चहा काही येईना.

"अगं, मी फक्त चहा मागितला!"

"हो मामंजी. पण पुढेमागे भूक लागेलच ना? सगळं वाढून झालं की चहा आणते."

"लागेल तेव्हा मागेन की मी!"

"तो बिचारा कॉम्प्युटरही हेच म्हणतोय. तुम्हाला हवं असतं पंचांग, त्याला आधी अख्खी पंगत वाढावी लागते."

दिगंबरराव खो खो हसले. "उठव बाई ती पंगत!"

वैजयंतीनं आपोआप उघडणारं सगळं बंद केलं. मशीन झटकन सुरू झालं. ती पत्रिकेला बसली, तोच शेजारी कप ठेवल्याचा आवाज आला. मामंजींनी जन्मात पहिल्यांदा चहा केला होता.

"उपकार झाले, पोरी. नुसता चहाच आणलाय हो!"

वैजयंतीनं भरल्या डोळ्यांनी कप उचलला.