दादाचा गोळा

“दादानं एवढा मोठा गोळा केलाच कशाला?” गायरानातला भिरू शेणकिडा भेटेल त्याला विचारायचा. ही फार जुनी गोष्ट. त्याच पहाटे तो शेणाचा गोळा ढकलतानाच त्याचा दादा बैलाच्या खुराखाली सापडून मेला होता. बांधापलीकडे बिळात वहिनीनं अंडी घातली होती, आणि पिल्लांना खायला हाच गोळा होता. ऊन चढलं की तो वाळून दगड होणार.

भिरू धावत जाऊन गोळा ढकलायचा. गोळा अर्धा बांध चढून परत त्याच्याच अंगावर यायचा.

“असा गोळा पुन्हा होणे नाही,” म्हातारे ढेपाआबा गहिवरून सगळ्यांना सांगत होते.

“आबा, ढकलायला या की.”

“थांब, माझं बोलणं संपू दे.”

भिरूनं चिडून गोळ्यालाच लाथ घातली. एक ढेकूळ निखळलं.

“करंट्या, भावाची शेवटची खूण फोडलीस,” आबा म्हणाले.

भिरूला रडू कोसळलं. रडता रडता त्यानं ते ढेकूळ ढकलून पाहिलं, तर ते सरळ बांध चढून गेलं. मग त्यानं नाक पुसलं आणि गोळ्याला दुसरी लाथ घातली.

ऊन चढेपर्यंत बाकीची ढेकळं बिळात पोचली, एकच उरलं. त्यावर दादाच्या पायांचे ठसे होते. ते स्वतःपाशी ठेवावं असं भिरूला फार वाटलं. पण तेही त्यानं बिळात ढकललं आणि बिळाचं तोंड मातीनं लिंपून टाकलं.