वाकड्या जोत्याची मोजणी

“मग रांधणार कोण?” पाटील गरजला. “सत्तर माणसं दिवसभर दगड वाहणार, ती काय वारा खाऊन?”

“तुमचं तुम्ही बघा,” आवडी म्हणाली. “आज एकही बाई चुलीपुढे बसायची नाही.”

“रीत मोडतेस!”

“मोडते.”

हा वाद मोजणीच्या दिवशी इथेच झाला म्हणे, तुम्ही उभे आहात त्या दगडी जोत्यावर. भोवती खाडी, जमीन सखल, पळायला डोंगर नाही. म्हणून उधाणातून जीव वाचवायला वाडवडिलांनी हे पुरुषभर उंच जोतं बांधलं. आवडी ही पाटलाच्या धाकट्या भावाची बायको. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची तेव्हा पद्धत नव्हती. तरी तिनं उघडलं.

त्याला कारण आदल्या वर्षीचं. जोतं गावाला पुरतं का ते बघायला दर वैशाखात कडेनं चुन्याची रेघ ओढायची आणि सगळं गाव वर चढून तिच्या आत दाटीनं उभं राहायचं. सगळं गाव असं आपलं म्हणायचं. बायका त्या वेळी घरी, मोजणी करून दिवसभर दगड वाहून डागडुजी करणाऱ्या या मंडळींचा स्वयंपाक करत. रेघेत सगळे मावले की पाटील सांगायचा, गाव उधाणाला तयार आहे. खोटं बोलत नव्हता तो. त्याला तसंच दिसत होतं. तुम्ही साहेबलोक नकाशे नि भोंगे घेऊन येता आणि देश तयार आहे म्हणता, तेव्हा मला तो पाटील दिसतो. राग मानू नका. मानलात तरी मी सांगणारच.

मग श्रावणात उधाण आलं, त्यात वादळ. भरदुपारी अंधारलं. सवयीनं पुरुष आणि पोरं जोत्यावर चढली, बायका मागून धावल्या. त्यांच्यापुरती जागाच नव्हती. रेटून काही वर आल्या. अकरा जणी गेल्या. पाटलाची आईही त्यांतच. आवडीचं लुगडं तिवराच्या फांदीत अडकलं म्हणून ती तेवढी वाचली. जोत्यावरच्यांनी त्या घटकेचं नाव पुढे कधी तोंडातून काढलं नाही.

आजही मोजणीच्या दिवशी गावात चूल पेटत नाही. आधी म्हाताऱ्या आणि बाळंतिणी वर येतात, मग बाकीचे. कोणाचा पाय रेघेबाहेर गेला तर त्याच दिवशी तिथे भर घालायची. म्हणून जोतं असं वेडंवाकडं वाढलंय. पूर्वेकडे अकरा जणींची जागा मोकळी सोडतात. ती वैशाखातही ओली असते, हात लावून बघा. उधाणाला तिथून बांगड्या वाजतात. मी ऐकल्यात.

पण त्या वादाच्या दिवशी पाटील हे मानायला तयार नव्हता. “झालं गेलं किती उगाळायचं?” तो म्हणाला. “त्यापायी गाव उपाशी ठेवू?”

असं सांगतात, की आवडीनं पदर सावरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “भावोजी, उधाणात मी खालून भाताची हंडी वर दिली ती तुम्ही घेतलीत, आणि आईंचा हात सोडलात.”